फाइल-स्वरूपे, संगणकीय

संगणकाच्या स्मृतीत एका नावाखाली साठविलेल्या माहितीच्या समूहास फाइल किंवा धारिका म्हणतात आणि ती माहिती ज्या नियमांनी मांडलेली असते, त्या नियमसमूहास त्या फाइलीचे स्वरूप असे म्हणतात. फाइलीत प्रत्यक्षात अक्षरे, चित्रे वा ध्वनी नसतात. ० ते २५५ या मर्यादेतील अंकांची, म्हणजे बाइटांची, एक लांब ओळ तेवढी असते. तोच अंक एका आज्ञावलीस अक्षर वाटतो, दुसरीस रंगछटा आणि तिसरीस ध्वनीची तीव्रता. त्यामुळे फाइल हाती असणे आणि ती वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात. अपरिचित फाइल कोणत्या सॉफ्टवेअरने उघडेल हे ओळखण्याच्या पद्धती कशा घडत गेल्या आणि मराठी मजकुराच्या बाबतीत या शोधाला फॉन्टच्या शोधाचे रूप कसे आले, याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळांचा वा मोठ्या शहरांचा नाही. वाशी हे धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. अशा गावातील तहसील कार्यालय, ग्रामपंचायती, शाळा, पतसंस्था आणि डीटीपीची दुकाने यांमधून विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी मजकुराच्या फाइली तयार होत आल्या आहेत. ग्रामसभेचा ठराव, जाहीर नोटीस, लग्नपत्रिका, खरेदीखताचा मसुदा असे हे लेखन असते. एका संगणकावर नीट दिसणारा मजकूर पेनड्राइव्हवर घालून दुसरीकडे नेला की तेथे रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसतो किंवा फाइल उघडतच नाही. अशा वेळी मदत करणारी व्यक्ती बहुधा दुकानातील टंकलेखक किंवा संगणकवर्गातील शिक्षक असते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे संगणक हाताळणाऱ्यांची संख्या ग्रामीण भागात बरीच वाढली. फाइलीचे स्वरूप ओळखण्याची कला मात्र मुख्यतः अनुभवाने आणि एकमेकांना विचारूनच पसरली.

नावावरून ओळख : फाइलीच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन दोन-तीन अक्षरांचे विस्तारनाम जोडावयाचे आणि त्यावरून तिची जात सांगावयाची, ही पद्धत अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संगणक-प्रणालींत रूढ होती. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये रचलेल्या सीपी/एम या प्रणालीने ती लहान संगणकांवर आणली. तीत नावास आठ व विस्तारनामास तीन अक्षरांची मर्यादा होती. १९८१ मध्ये प्रचारात आलेल्या एमएस-डॉसने हीच मर्यादा स्वीकारली. १९९५ च्या विंडोज आवृत्तीत लांब नावांची सोय झाली, पण तीन अक्षरी विस्तारनामाची सवय कायम राहिली.

या पद्धतीचा दोष उघड आहे. विस्तारनाम ही केवळ पाटी होय. ती कोणीही बदलू शकतो, आणि एकच पाटी अनेकांनी लावण्यास कोणाचीही हरकत नसते. ‘डॉक’ हे विस्तारनाम मायक्रोसॉफ्ट वर्डशी कायमचे जोडले जाण्यापूर्वी ते साध्या मजकुराच्या माहितीपत्रकांनाही लावीत आणि वर्डपर्फेक्टच्या फाइलींनाही. गावांच्या नावांची गोष्टही अशीच आहे. नुसते ‘वाशी’ म्हटले की महाराष्ट्रातील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नवी मुंबईतील उपनगर येते. धाराशिव जिल्ह्यातील वाशी अभिप्रेत असेल, तर जिल्ह्याचे नाव सांगावे लागते. फाइलीच्या बाबतीत जिल्ह्याचे काम तिच्या अंतरंगातील खुणा करतात.

अंतरंगावरून ओळख : बहुतेक स्वरूपांच्या फाइलींच्या आरंभी काही ठरावीक बाइट असतात. पीडीएफ फाइल टक्क्याच्या चिन्हाने व ‘पीडीएफ’ या अक्षरांनी सुरू होते. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये प्रसृत केलेल्या झिप या स्वरूपाच्या फाइलींच्या आरंभी त्यांच्या नावाची ‘पी के’ ही आद्याक्षरे असतात. वर्डच्या जुन्या फाइलींचे पहिले चार बाइट षोडशमान पद्धतीत लिहिले असता ते रोमन लिपीत जवळजवळ ‘डॉकफाइल’ असे वाचता येतात. रचनाकारांची ही विनोदबुद्धी पुढे तपासणाऱ्यांच्या उपयोगी पडली. २००७ मध्ये वर्डने आपले स्वरूप बदलले व नवी ‘डॉक्स’ फाइल ही वस्तुतः झिप पुडके असल्याने तिच्या आरंभी ‘पी के’ आले. त्या सुमारास नव्या वर्डमध्ये लिहिलेले पत्र जुन्या वर्डमध्ये न उघडल्याने अनेक कार्यालयांत गोंधळ उडाला होता. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी मोफत पूरक संच उपलब्ध केला होता, परंतु असा संच आहे हे कळण्यासही कोणी सांगणारा लागत असे.

आरंभीचे बाइट वाचून फाइलीची जात सांगणारी ‘फाइल’ याच नावाची आज्ञा युनिक्स प्रणालीच्या १९७३ मधील चौथ्या आवृत्तीत आढळते. इयन डार्विन यांनी १९८० नंतरच्या दशकात तिची मुक्त आवृत्ती स्वतंत्रपणे लिहिली व तीच आज लिनक्स संगणकांवर वापरली जाते. ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाने १९८४ मध्ये निराळा मार्ग अवलंबिला होता : प्रत्येक फाइलीबरोबर तिची जात व तिला निर्माण करणारी आज्ञावली यांचे चार-चार अक्षरी संकेत वेगळे साठविले जात. पद्धत चांगली होती, पण फाइल दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर गेली की हे संकेत गळून पडत. विद्युत् टपालासाठी नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन व नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये माइम ही वर्गवारी मांडली. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००२ मध्ये प्रोनॉम ही स्वरूपांची नोंदवही सुरू केली; तिच्या आधारे फाइली तपासणारे ड्रॉइड हे साधनही याच संस्थेने तयार केले. विंडोज एक्सपीमध्ये (२००१) अनोळखी फाइल उघडू पाहिल्यास योग्य आज्ञावली संकेतस्थळावर शोधावी की यादीतून निवडावी, असा प्रश्न वापरणाऱ्यास विचारला जाई. संकेतस्थळावर मिळणारे उत्तर विस्तारनामावरच अवलंबून असल्याने पाटी चुकीची असेल, तर उत्तरही चुकत असे.

मराठीची विशेष अडचण : वर सांगितलेली सर्व साधने मराठी फाइलीपुढे एका ठिकाणी थांबतात. ‘ही वर्डची फाइल आहे’ एवढे ती अचूक सांगतात, वर्ड ती उघडतोही. पण पडद्यावर मराठी दिसत नाही. येथे हरवलेली असते ती आज्ञावली नसून कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर याचे कोष्टक. हे कोष्टक मराठीसाठी एक नव्हते, अनेक होते, आणि त्याला ऐतिहासिक कारण आहे.

ॲस्की ही अमेरिकन संकेतावली १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १२८ जागा होत्या व त्या रोमन अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांनी व्यापल्या. बाइटात आणखी १२८ जागा शिल्लक राहत. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८० नंतरच्या दशकात या वरच्या जागांवर भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक संकेतावली बसविली. इस्की या नावाने ती ओळखली जाते व भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये तिला मानकाचा दर्जा दिला. तीत १७९ हा अंक ‘क’ चा आहे. तो देवनागरीत क, बंगालीत त्या लिपीचा क, तमिळमध्ये तिथला क असा दाखविता येतो. वर्ण साठवावा, आकार साठवू नये, हे तिचे सूत्र होते. कानपूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत मोहन तांबे प्रभृतींनी विकसित केलेले जिस्ट तंत्र या संकेतावलीशी निगडित होते. १९८८ मध्ये पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाल्यावर जिस्टचे कार्य तेथे पुढे चालले. संगणकात बसविण्याच्या जिस्ट कार्डामुळे डॉस प्रणालीतही मराठी लिहिता येऊ लागले.

इस्की सर्वत्र रुजली असती, तर पुढचा बराच गोंधळ टळला असता. पण १९९० नंतर विंडोज व छपाईची मांडणी करणारी पेजमेकर, कोरलड्रॉ यांसारखी सॉफ्टवेअरे छापखान्यांत शिरली आणि त्यांना इस्की कळत नव्हती. त्यांना फक्त फॉन्ट कळत. तेव्हा फॉन्टकारांनी एक सोपी युक्ती केली : रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविले. संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजीच राहिला; डोळ्यांना तो मराठी दिसू लागला. कृतिदेव या फॉन्टात ‘मराठी’ हा शब्द रोमन ई, जे, के, बी, एच या पाच अक्षरांनी साठविला जातो. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएम संचातील योगेश व सुरेख, तसेच शिवाजी, किरण, सुशा अशा प्रत्येक संचाची वा फॉन्टची आकारांची मांडणी वेगळी होती. एकाच उत्पादकाच्या दोन आवृत्त्यांतही ती कधीकधी बदले. पुस्तके, दैनिके, शासकीय परिपत्रके, निवडणुकीची पत्रके यांचे मोठे भांडार या निरनिराळ्या कोष्टकांत साठले. मराठी वृत्तपत्रांची आरंभीची संकेतस्थळेही अशाच फॉन्टांवर उभी होती.

आकार साठविण्याच्या या पद्धतीत लेखनाचा क्रमही बदलला. वर्णक्रमानुसार ‘किती’ या शब्दात क, ऱ्हस्व इकार, त, दीर्घ ईकार असा क्रम येतो व इस्की आणि युनिकोड यांत तो तसाच साठविला जातो. फॉन्टात मात्र ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधीच येते. ‘धर्म’ मध्ये रफार उच्चारात म च्या आधी आहे, फॉन्टात म च्या नंतर. ‘स्थिती’ सारख्या शब्दात पहिली वेलांटी संपूर्ण ‘स्थ’ या जोडाक्षराच्या आधी बसते. फॉन्टातील मजकूर दुसरीकडे नेताना नुसती अक्षरामागे अक्षर बदलण्याची यादी पुरत नाही, ती यामुळेच.

निरर्थक मजकुराचे निदान : अनुभवी टंकलेखक बिघडलेल्या मजकुराकडे पाहूनच त्याचे मूळ ओळखतो. यात चमत्कार नाही. प्रत्येक कोष्टकाची विकृती ठरावीक प्रकारची असते. सर्व अक्षरे साधी इंग्रजी असतील, त्यांत मोठी व लहान लिपी शब्दाच्या मध्येच मिसळलेली असेल, तर मजकूर कृतिदेव किंवा तत्सम फॉन्टातला समजावा. सी-डॅकच्या फॉन्टांत म, स यांसारखी अक्षरे अर्धे अक्षर व उभा दंड अशी दोन तुकड्यांत साठविली जातात, आणि तोच दंड कान्याचेही काम करतो. परिणामी बिघडलेल्या मजकुरात डोक्यावर तिरपी रेघ असलेला मोठा रोमन ‘ई’ ओळीओळीत दाटीने आढळतो. तो दिसला की ओळख पक्की होते.

तिसरा प्रकार सर्वांत सुखद, कारण तेथे काहीच हरवलेले नसते. केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटांत साठते. त्यांतील पहिला बाइट नेहमी २२४ असतो व दुसरा १६४ किंवा १६५. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. असा मजकूर जुन्या पाश्चात्त्य कोष्टकाने वाचला गेला, तर दर तिसऱ्या जागी डोक्यावर रेघ असलेला लहान रोमन ‘ए’ येतो व त्याच्या पाठोपाठ पुष्कळदा जपानी येनचे चिन्ह. तेथे फॉन्ट शोधत बसू नये. उघडताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडला की मराठी पूर्ववत दिसते. नोटपॅड वा लिबरऑफिस यांत ही सोय आहे. केवळ चौकोन दिसत असतील, तर मजकूर शाबूत असून त्या संगणकावर देवनागरी फॉन्ट नाही असे समजावे.

वर्डच्या फाइलीत फॉन्टचे नाव मजकुरासोबत साठविलेले असते. तो फॉन्ट संगणकावर नसला तरी मजकुरावर खूण नेऊन ठेवल्यास वरच्या चौकटीत त्याचे नाव दिसते. शोधाचा सर्वांत भरवशाचा धागा हाच होय. साध्या मजकुराच्या फाइलीत हे नाव नसते. पीडीएफची स्थिती आणखी फसवी आहे : तीत लागणारे आकार फाइलीतच बांधलेले असल्याने ती कोठेही सुंदर दिसते, पण तीतील ओळ उचलून दुसरीकडे ठेवली की पुन्हा रोमन ढीग हाती येतो.

युनिकोड व परिवर्तन : युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तीतील देवनागरीचा १२८ जागांचा विभाग इस्कीच्या १९८८ मधील मांडणीवर आधारलेला आहे. विंडोज २००० मध्ये मंगल या फॉन्टासह देवनागरी युनिकोडची सोय झाली. विंडोज एक्सपीत ती सीडीवरून वेगळी बसवावी लागे, आणि हे ठाऊक नसल्याने पुष्कळांनी जुनेच फॉन्ट चालू ठेवले. केंद्र शासनाने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोडची ५.१ ही आवृत्ती मानक म्हणून अधिसूचित केली. नेमक्या याच आवृत्तीत (२००८) मराठीला लागणारे ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर आले. तत्पूर्वी ते अ वर चंद्र जोडून लिहीत. दिसण्यात दोन्ही सारखी, पण संगणकाच्या लेखी ती भिन्न होत. एका पद्धतीने लिहिलेले ‘ॲड.’ दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाही. ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’ यांतील अर्धा र साठविण्याच्याही दोन पद्धती प्रचारात राहिल्या. मराठीच्या या बारीक गरजा उशिरा ध्यानात घेतल्या गेल्या, असे म्हणावे लागते.

फॉन्टातील मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या आज्ञावलींना परिवर्तक म्हणतात. सी-डॅकने ‘परिवर्तन’ नावाचा परिवर्तक उपलब्ध केला. फायरफॉक्स या न्याहाळकासाठी तयार झालेली ‘पद्म’ ही जोड संकेतस्थळांवरील अनेक भारतीय फॉन्टांचे युनिकोडमध्ये रूपांतर करीत असे. व्यक्तिगत उत्साहाने लिहिलेले कितीतरी परिवर्तकही महाजालावर मोफत मिळतात. चांगल्या परिवर्तकाची कसोटी रफार, वेलांटी व जोडाक्षरे यांवर लागते. मजकुरात मधूनमधून खरे इंग्रजी शब्द असतील आणि फॉन्टची नावे गळालेली असतील, तर परिवर्तक त्या इंग्रजी शब्दांचेही मराठी करून टाकतो. अशा वेळी माणसाने वाचूनच दुरुस्ती करावी लागते.

मांडणीच्या फाइलींचे दुखणे निराळे आहे. पेजमेकर हे १९८५ मध्ये ऑल्डस कंपनीने आणलेले सॉफ्टवेअर मराठी छापखान्यांत दीर्घकाळ चालले. त्याची सातवी आवृत्ती अखेरची ठरली व ॲडोबीने त्याच्या जागी इनडिझाइन आणले. इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली घेत नाहीत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या डॉक्युमेंट लिबरेशन या प्रकल्पातील स्वयंसेवकांनी अशी बंदिस्त स्वरूपे उलगडून त्यांची वाचनसाधने लिहिली व लिबरऑफिसमध्ये ती समाविष्ट झाली. पेजमेकर व कोरलड्रॉ यांच्या अनेक फाइली त्यामुळे उघडता येतात. मराठी फॉन्टांच्या काही संचांना संगणकाच्या पाठीमागे लावावयाची डोंगल ही कुलूपवजा कळ लागत असे. ती हरवली वा संगणक बदलला की फाइल असूनही तीत दुरुस्ती करता येत नसे. जुने संगणक भंगारात काढताना फॉन्ट आणि त्यांची कोष्टके जतन करावीत, हे छापखान्यांच्या क्वचितच ध्यानात आले.

फसवणूक : फाइल उघडण्याची निकड असलेला मनुष्य सहज फसतो. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाने पसरलेल्या संगणकीय विषाणूच्या फाइलीस दोन विस्तारनामे होती. त्यांतील खरे, म्हणजे शेवटचे, विंडोज लपवीत असे व लोकांना ती साधा मजकूर वाटे. २०२४ मध्ये लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर पाठविलेल्या एपीके फाइलींबाबत पोलिसांना इशारे द्यावे लागले. एपीके हे पत्रिकेचे स्वरूप नसून मोबाइलमध्ये आज्ञावली बसविण्याचे पुडके असते. पत्रिका चित्राच्या वा पीडीएफच्या स्वरूपात येते. कोणतीही फाइल उघडून देणारे म्हणून जाहिरात केलेले सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी फाइलीची जात ओळखावी व त्या जातीचे मूळ सॉफ्टवेअर त्याच्या उत्पादकाकडूनच मिळवावे.

अभिलेख : फाइल न वाचता येण्याचा परिणाम सर्वांत गंभीर होतो तो हक्कनोंदींच्या बाबतीत. वाशीचा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानची राजभाषा उर्दू असल्याने मराठवाड्यातील जुन्या महसुली दप्तरात उर्दू व मोडी लेखन आणि फसली सन आढळतात. वाशी तालुका पुष्कळ नंतर निर्माण झाला. त्यामुळे येथील गावांच्या जुन्या कागदांवर पूर्वीच्या तालुक्यांची नावे असतात. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नावही २०२३ मध्ये बदलून धाराशिव झाले. एखाद्या कुटुंबास तीन पिढ्यांची नोंद शोधावयाची असल्यास प्रथम उर्दू वा मोडी, नंतर बाळबोध हस्ताक्षर, पुढे फॉन्टातील मजकूर आणि अखेरीस युनिकोड अशा चार कोष्टकांतून जावे लागते.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यातील निजामकालीन अभिलेखांत कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा कागद होते, पण मोडी व उर्दू वाचणारे थोडे होते. कागदांची छायाचित्रे घेतल्याने ही उणीव भरून निघत नाही. जेपीजी चित्र जगातील कोणत्याही संगणकावर उघडते, परंतु त्यातील मोडी संगणकास चित्रच राहते. युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत (२०१४) मोडी लिपीला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. मोडी मजकूर आता मोडी म्हणूनच साठविता येईल. त्यासाठी आधी तो कोणी तरी वाचून टंकित करावयास हवा.

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला होता. त्या वेळी युनिकोड अस्तित्वात नव्हते. २००८ पासून राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम राबविला गेला व २०१८ मध्ये महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. या तीस वर्षांत खातेदारांची नावे हाताने लिहिलेल्या गाव नमुन्यांतून संगणकात आणि एका पद्धतीतून दुसरीत आली. अशा स्थलांतरात वेलांटी सुटते, रफार शेजारच्या अक्षरावर जातो, वडिलांचे नाव बदलते. छापखान्यातील अशी चूक मुद्राराक्षसाच्या नावावर खपते. सातबारावरील चुकीने पीककर्ज, वारसनोंद व भूसंपादनाचा मोबदला अडतात.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ अन्वये हक्कनोंदीतील लेखनप्रमाद दुरुस्त करता येतात. त्यासाठी खातेदाराने संगणकीय उताऱ्याबरोबर जुना हस्तलिखित सातबारा व संबंधित फेरफाराची, म्हणजे गाव नमुना सहाची, नक्कल मिळवून दोन्हींतील अक्षरे जुळवून दाखवावी लागतात.